इस्रायल आळीतला शनिवार

पनवेलच्या जुन्या गावात महात्मा गांधी रस्त्यावर इस्रायल आळी आहे. तिथले बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. पनवेलची नगरपालिका, राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक, स्थापन झाली १८५२ मध्ये. म्हणजे गावचे दिवे आणि गटारे पाहायला कुणी येण्याआधीच या आळीने आपले प्रार्थनामंदिर बांधले होते.

ते बांधणारे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, होते. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या, गावोगावी पांगले आणि तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागले. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर अशी आडनावे पडली. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

खेड्यांतला हा समाज पनवेलला का आला, याचे उत्तर बंदरात आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. मुंबईहून पुण्याला जायचे तर पडावाने पनवेलच्या खाडीत उतरायचे आणि पुढे बैलगाडीने घाट चढायचा. पनवेलमध्ये गाड्यांची चाके इतकी चांगली बनत, की देशावरचे गाडीवान परतताना ती आवर्जून विकत घेत. १८६३ मध्ये रेल्वेने बोरघाट पार केला आणि ही वर्दळ कल्याण-कर्जतच्या वाटेला लागली. पण तोवर आळी वसली होती.

तिची ठेवण मात्र धर्मनियमाने ठरवली. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, गाडीत बसायचे नाही. सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा प्रौढ पुरुष हवेत. तेव्हा घरे प्रार्थनास्थळापासून पायी जाण्याच्या अंतरावर आणि एकमेकांजवळच असणे सोयीचे. ज्या गावाचे पोट गाडीवर होते, त्याच गावात आठवड्यातला एक दिवस गाडीला न शिवणाऱ्या लोकांची ही वस्ती.

बेने इस्रायलींचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात बांधले. कोकणात रेवदंड्याला १८४२, अलिबागला १८४८, पनवेलला १८४९ आणि पेणला १८६३ अशी सिनेगॉग उभी राहत गेली. प्रार्थना हिब्रूत, घरातली भाषा मराठीच. पासोव्हर सणाचे हिब्रू-मराठी हग्गादा पुस्तक १८४६ मध्ये मुंबईत छापले गेले. पुढे १८८० च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रंगू लागली.

सणांनाही साधी मराठी नावे होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. दारफाळणीला दारे लावून कडक उपास. रोजच्या जेवणात मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून कालवणात आणि गोडात नारळाचे दूध. द्राक्षाची दारू मिळायची मारामार, म्हणून शब्बाथला काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत. नवस फेडायला किंवा लग्नाआधी मलिदा होई. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा असे कालवून ताटात रास करायची, भोवती फळे मांडायची आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे नाव घेऊन सगळ्यांना वाटायचे. मलिद्याची ही चाल इतर देशांतल्या ज्यूंमध्ये नाही, ती कोकणातली.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र झाले आणि कोकणातली घरे रिकामी होऊ लागली. इथे कुणी त्यांना छळले नव्हते. धर्माची ओढ आणि पोटापाण्याची आशा त्यांना घेऊन गेली. उलट तिकडे गेल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. त्याविरुद्ध त्यांना आंदोलन करावे लागले. १९६४ मध्ये बरोबरीची मान्यता मिळाली. मागे राहिलेल्यांपैकी अनेक जण नोकरीसाठी मुंबई-ठाण्याला गेले आणि दहा पुरुषांचा कोरम जमवणे कोकणातल्या कित्येक सिनेगॉगांना जड जाऊ लागले.

२६ जुलै २००५ च्या पुराने पनवेलच्या सिनेगॉगमध्येही पाणी घुसले आणि तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या भिजल्या. तोरा चर्मपत्रावर हाताने, अक्षर न् अक्षर पारखून लिहिलेली असते. एक अक्षर बिघडले तरी ती दुरुस्त होईपर्यंत वाचनाला चालत नाही. दुरुस्तीपलीकडे गेलेली तोरा फेकत नाहीत, दफन करतात.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याच वर्षी पनवेलची नगरपालिका महानगरपालिका झाली. गाव नवी मुंबई विमानतळाच्या दिशेने पसरत असताना जुन्या आळ्यांतली घरे मात्र पाडली जात आहेत. पनवेलकरांच्या माळ्यावर, ट्रंकेत या आळीतले जुने खरेदीखत, लग्नाचा फोटो किंवा शेजाऱ्याने इस्रायलहून पाठवलेले मराठी पत्र असेल, तर ते रद्दीत घालू नये. आळीचा इतिहास लिहायचा तर तो याच कागदांवरून लिहावा लागेल.