खुला बाजार आणि विणकाम खाते

खुल्या बाजाराला जात नसते, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास मला वेगळेच सांगतो. महारकीची वेठ झुगारून आमची माणसे शहरात आली. गिरणीने त्यांचे श्रम घेतले. पण जादा मजुरीचे विणकाम खाते त्यांना बंद राहिले. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळाचे भय! नफ्यावर डोळा असलेल्या मालकांनीही हा विटाळ पाळला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत आणि तसे घटनेतच लिहावे, अशी मागणी केली. सरकारने बाजारातून अंग काढावे म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे: सरकार उठले की त्या जागेवर कोण बसणार?