पाटीवरची बोली : अबीट्स

पिझ्झा आता आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतो. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात न्यू हेवन नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर मात्र 'अपिझ्झा' असं लिहिलेलं असतं, आणि लोक म्हणतात 'अबीट्स'. परक्या माणसाला वाटतं, पाटी रंगवणारा चुकला. तो मुळीच चुकलेला नाही.

इटालियनमध्ये नामाच्या आधी एक छोटा शब्द लावतात. पुस्तकी भाषेत स्त्रीलिंगी नामाला तो 'ला', म्हणून 'ला पिझ्झा'. नेपल्सकडच्या बोलीत त्यातला 'ल' गळाला आणि नुसता 'आ' उरला. शब्दाच्या शेवटचा स्वर त्या बोलीत इतका हलका, की ऐकणाऱ्याला तो नाहीच असं वाटतं. न्यू हेवनच्या तोंडी 'प'सुद्धा मऊ होऊन 'ब' झाला. असा शब्द चिकटून येणं आपल्यालाही नवीन नाही. अल्कोहोलमधला 'अल' अरबीतून असाच आला, आणि मूळ अरबी शब्दाचा अर्थ काय, तर डोळ्यांत घालायचा सुरमा!

ही बोली घेऊन आले ते दक्षिण इटलीतले गरीब लोक, बरेचसे अमाल्फीच्या किनाऱ्यावरचे. इटली एक देश झाला १८६१ साली, पण पुस्तकी इटालियन त्यांच्या घरात पोचलीच नव्हती. शिकलेले लोक त्यांच्या बोलण्याला गावंढळ म्हणत. न्यू हेवनला सार्जंटच्या कुलपांच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं आणि वूस्टर स्ट्रीटवर त्यांची वस्ती झाली.

याच रस्त्यावर मायोरी गावच्या फ्रँक पेपे यांनी १९२५ साली पिझ्झाचं दुकान काढलं. पत्नी फिलोमेना बरोबरीनं राबत होत्या. मुलं शाळेत शिकत गेली, तसतसं त्यांनीही इंग्रजी लिहायला-वाचायला शिकून घेतलं, असं सांगतात. ही गोष्ट मला त्या दुकानाच्या नावलौकिकापेक्षा मोठी वाटते. पुढे १९३८ साली त्यांच्या भाच्यानं जवळच 'सॅलीज अपिझ्झा' सुरू केलं. घरात बोलायचा शब्द असा पाटीवर चढला. त्याला शुद्ध करून 'ला पिझ्झा' करावं, असं कुणाला वाटलं नाही, हे किती बरं झालं!

पदार्थही आपल्या ओळखीच्या पिझ्झापेक्षा वेगळा. कोळशाच्या भट्टीत भाजलेला, पातळ, कडेला करपलेला. साधा मागवला तर वर टोमॅटो आणि थोडं किसलेलं चीज, एवढंच. मोझरेला हवं असेल तर वेगळं सांगावं लागतं, आणि त्यालाही तिथं 'मूट्स' म्हणतात.

आज त्या घरांतल्या बहुतेक नातवंडा-पतवंडांना आजीची बोली येत नाही. दुकानात गेल्यावर मात्र ती 'अबीट्स'च मागतात, आणि इटालियन नसलेले शेजारीही तसंच म्हणतात. वर मूट्स हवं की नको, तेवढं सांगायचं.