स्त्रियांचा दमा आणि बीजकोशाचा विकार

दम्याचा विषय निघाला की आमच्या परभणी जिल्ह्यातला माणूस प्रथम धुळीकडे बोट दाखवतो, आणि त्यात खोटे काही नाही. हा कापसाचा मुलूख आहे. निजामाच्या राज्यात मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग झाला, आणि त्याच्या आधाराने सेलू, मानवत, परभणी या बाजारपेठांत सरकी काढणारे रेचे व गाठी बांधणारे प्रेस वाढले. रेच्यापुढे कापूस टाकायचा, त्यातली कवडी आणि काडीकचरा वेचायचा, ही कामे बहुतेक बायकांच्या वाट्याला आली. हंगामात तूस उडतो, नाकातोंडात जातो, रात्री छाती भरून येते. पण याच बायकांची आणखी एक तक्रार असते. पाळी दोन-दोन, चार-चार महिने येत नाही, ओठावर लव वाढते, लग्नाला पाच वर्षे होऊनही कूस उजवत नाही. या तक्रारीला धूळ लावता येत नाही, म्हणून तिला नशीब लावतात. श्रोते मंडळी, या दोन तक्रारी एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहायला जगाला किती काळ लागला, ते आज सांगायचे आहे. आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि वाचन झाले ते कचेरीतल्या दिव्याखाली. परंतु कामगाराच्या शरीराचा इतिहास हा आमच्याही कामाचा भाग आहे.

श्वासाचा इतिहास जुना आहे. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार दिले आहेत. त्यातला तमकश्वास म्हणजे जवळजवळ आपला दमा. रोग्याला बसल्यावर बरे वाटते आणि आडवे झाले की धाप वाढते, हे तिथे नोंदलेले आहे. ज्याने खाटेवर बसून रात्र काढली आहे त्याला याचा पुरावा नको. इटलीतल्या रामाझ्झिनीने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला ‘तुझा धंदा कोणता’ हे विचारलेच पाहिजे, असा वैद्यांना धडा घालून दिला. ताग आणि जवसाचे धागे विंचरणाऱ्यांचा खोकला त्याने पाहिला होता. पुढे फ्रान्सच्या आद्रियां प्रूस्तने १८७७ साली या तुसाच्या रोगाला बिसिनोसिस हे नाव दिले. सुटीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळते, ही त्याची खूण. बिसिनोसिस आणि दमा हे एकच नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. पण दोहोंत श्वास अडतो आणि दोहोंत मजुरी बुडते.

इंग्लंडमध्ये या रोगासाठी १९४१ साली भरपाईची योजना झाली, ती फक्त पुरुषांसाठी. लँकेशायरच्या गिरण्यांत बायका भरपूर होत्या. त्यांच्या छातीत जाणारा तूस वेगळा नव्हता. तथापि योजना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कामगार म्हणजे मिशीवाला कामगार होता. आपल्याकडे १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. आसवले यांनी ते विधेयक आणले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा कैवार घेतला. तो कायदा मोठाच होता, पण परभणी तेव्हा निजामाकडे असल्याने आमच्या आज्यांना त्याचा उपयोग नव्हता. म्हणजे एका कायद्याने छाती पाहिली ती पुरुषाची, आणि दुसऱ्याने बाई पाहिली ती फक्त बाळंत होताना. मूल न होणारी, धापा टाकणारी बाई दोन्हींच्या बाहेर राहिली.

आता बीजकोशाकडे वळू. १७२१ साली वालिस्नेरी या इटालियन पंडिताने एका तरुण, स्थूल, मूल न होणाऱ्या शेतकरी स्त्रीचे वर्णन केले आहे. तिचे बीजकोश मोठे, खडबडीत, पांढुरके आणि कबुतराच्या अंड्याएवढे होते. त्यानंतर दोनशे वर्षे हा विषय बहुतेक झाकलेलाच होता. १९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेन्थॉल यांनी सात स्त्रियांची हकीकत छापली. त्यांनी बीजकोशाचा पाचरीएवढा तुकडा कापून काढला आणि पाळी परत सुरू झाली. यालाच आता पीसीओएस म्हणतात. नाव मात्र फसवे आहे. त्या गाठी नसतात. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका असतात. शिवाय हा विकार एकट्या बीजकोशाचा नाही. साखर पेशींत पोचवणारे इन्सुलिन नीट काम करीत नाही, म्हणून शरीर ते जास्त बनवते, आणि त्याच्या जोराने बीजकोशातून पुरुषी संप्रेरके वाढतात. जगात दर दहा स्त्रियांत सुमारे एकीला हा विकार असतो, आणि बहुसंख्य जणींना त्याचे नावही कळलेले नसते.

दोन्ही वाटा प्रथम जवळ आल्या त्या न्यूयॉर्कमध्ये, १९३१ साली. रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरने पाळीपूर्वीच्या त्रासावर लिहिताना, काहींचा दमा त्याच दिवसांत उसळतो, अशी नोंद केली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांनाही हे ठाऊक असते, पण त्या कागदावर लिहीत नाहीत. दुसरी गोष्ट साधी मोजणी केल्यावर दिसली. लहानपणी दमा मुलग्यांत अधिक असतो, आणि वयात आल्यावर तो बायकांत अधिक होतो. तिथे धूळ बदललेली नसते, शरीर बदललेले असते. २००५ साली उत्तर युरोपातल्या हजारो स्त्रियांच्या पाहणीत अनियमित पाळी आणि दमा बरोबरीने आढळले. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या दीर्घ पाहणीवरून पीसीओएस असलेल्या स्त्रियांत दमा अधिक दिसला, आणि वजनाचा हिशेब बाजूला काढल्यावरही तो अधिकच राहिला. ही बाब आम्हांला फार महत्त्वाची वाटते. कारण ‘वजन कमी करा’ एवढे सांगून पुष्कळ ठिकाणी बाईला वाटेला लावतात, आणि कामाने वाळलेल्या बाईला हा विकार असेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

कारणाबद्दल अजून वाद चालू आहेत. वाढलेले इन्सुलिन श्वासनळीला चिडवते, आणि चरबीतून सबंध शरीरात मंद दाह राहतो, अशी एक मांडणी आहे. गंमत अशी की पुरुषी संप्रेरके पुरुषांच्या श्वासनळीला सांभाळतात असे दिसते. मग ती वाढलेल्या बाईला दमा कमी व्हायला हवा होता. तसे होत नाही, म्हणून इन्सुलिनवरचा संशय बळावतो.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट औषधाची आहे. नाकातोंडाने ओढायचा पंप १९५६ साली बाजारात आला आणि १९७२ साली त्यातून स्टेरॉइड देता येऊ लागले. मात्रा अगदी थोडी, आणि ती थेट श्वासनळीत. तरीही ‘पंप लागला की सुटत नाही’ या भीतीने बायका पंप नाकारतात आणि पुडीतल्या गोळ्या घेतात. आमच्या माहितीच्या कितीतरी बायांनी एका गावठी दवाखान्यातून अशा पुड्या हंगामभर खाल्ल्या. त्यात स्टेरॉइड असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. या गोळ्या वरचेवर घेतल्या तर वजन आणि साखर वाढते, आणि आधीच बिघडलेली पाळी आणखी बिघडते. ज्या एकदम सोडतात त्यांनाही धोका असतो, म्हणून त्या डॉक्टरच्या हातून उतरवाव्या लागतात. मूल का होत नाही म्हणून सासरी सवतीची भाषा सुरू असते, आणि त्याचा एक धागा दम्याच्या पुडीपर्यंत जातो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यात याहून वाईट घडले. ऊसतोडणीच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी सरकारी समितीने २०१९ साली केली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. परभणीच्या टोळ्याही त्याच फडांत कोयता चालवतात. पाळीची तक्रार घेऊन गेलेल्या बाईचे ऐकून घेण्यापेक्षा कापून मोकळे होणे सोपे ठरले. गर्भाशय काढल्याने पीसीओएस जात नाही. इन्सुलिनचा बिघाड तसाच राहतो.

कायद्याचीही हीच तऱ्हा. १९४८ च्या कामगार विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी म्हणताना जिनिंग-प्रेसिंगचे नाव स्पष्ट लिहिले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्याचा अपवाद राहिला. धूळ हंगामी असेल. छाती बारमाही असते.

२०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आणि जिनिंगच्या मालकांकडे आमची मागणी लहान आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होताना बायकांची तपासणी व्हावी. छाती तपासणाऱ्याने ‘पाळी वेळेवर येते का’ हे विचारावे, स्त्रीरोगतज्ज्ञाने ‘रात्री धाप लागते का’ हे विचारावे, आणि दोन्ही उत्तरे एकाच कागदावर लिहावीत. आमच्या बैठकीत बायकांनी त्यात एक दुरुस्ती सुचवली, ती आम्ही जशीच्या तशी घेतली आहे. तपासणी मुकादमाच्या समोर नको, फाटकाबाहेर हवी, आणि विचारणारी बाई हवी. गावच्या आशाताई चालतील, असे त्यांनी सांगितले आहे.