स्थानपोथीची वाट

फ्रान्सच्या दक्षिणेस काथार पंथ पाखंडी ठरविण्यात आला. 1244 च्या मार्चात माँसेग्यूरचा गड पडला आणि दोनशेंहून अधिक काथार जाळण्यात आले. आज त्या गडांच्या वाटांवरून पदयात्री हिंडतात. परंतु काथारांविषयीची बहुतेक माहिती त्यांच्या चौकशी करणाऱ्यांच्याच दप्तरांतून येते.

आपल्या महानुभावांचे तसे झाले नाही. चक्रधरांच्या लीला म्हाइंभटांनी सुमारे 1278 मध्ये रिद्धपुरास संकलित केल्या. पुढे 'स्थानपोथी' सिद्ध झाली. स्वामी कोठे बसले, कोठे निजले, देवळाच्या कोणत्या दिशेस, हे सारे तीत आहे. लिहिणाऱ्याचा हेतू भक्तीचा. पण मध्ययुगीन गावांचा एवढा बारीक नकाशा आपल्याला दुसरीकडे क्वचितच सापडेल! पैठण-रिद्धपुरास त्या जागांवरील ओटे आजही पूजिले जातात.

ग्रंथ मात्र सकळ लिपीच्या कुलुपात राहिले. त्या गुप्ततेने पोथ्या वाचविल्या असतील, तसाच लोकांचा संशयही वाढविला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिपीची उकल केली. चक्रधरांनी अनुयायांस महाराष्ट्रातच राहण्यास सांगितले होते. तरी पंथ पंजाबात पोहोचला, 'जयकृष्णी' म्हणविला, आणि तेथेही धर्मग्रंथ मराठीच राहिले. इंदूरच्या सुदामानगरात मराठी वाचणाऱ्यास याचे नवल वाटणार नाही.