का चालतं माहीत नाही, पण चालतं!

आमच्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये एक ओळ आहे. वर कुणीतरी लिहून ठेवलंय, "काढू नका. का चालतं माहीत नाही." हसू नका मंडळी, जीवशास्त्रातही असंच पंधरा वर्षं चाललं होतं.

पेशी उपाशी राहिली की स्वतःचेच भाग पडद्यात गुंडाळून पचवते आणि त्यातून निघालेला माल परत वापरते. क्रिस्तियान द द्यूव यांनी १९६३ मध्ये याला नाव दिलं, ऑटोफॅजी. १९८२ मध्ये ऑस्लोत सेग्लेन आणि गॉर्डन यांना उंदराच्या यकृतपेशींमध्ये ती थांबवणारं एक रसायन सापडलं: ३-मिथिलॲडेनिन. थांबवतं हे नक्की. कसं? पत्ता नाही. पण वापर सुरू!

तिकडे अमेरिकेत स्कॉट एम्र यांची टीम भलताच प्रश्न सोडवत होती. यीस्टच्या पेशीत प्रोटीन्स बरोब्बर व्हॅक्युओलमध्ये कशी पोचतात? त्यात त्यांना व्हीपीएस-३४ हा जीन मिळाला. १९९३ मध्ये कळलं, की त्याचं एन्झाइम पडद्यातल्या एका लिपिडवर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटवतं. म्हणजे झेंडाच लावतं म्हणा ना. झेंडा दिसला की पुढची प्रोटीन्स तिथे जमतात.

दोन्ही धागे जुळले १९९७ मध्ये. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं, की ३-मिथिलॲडेनिन याच कुटुंबातल्या एन्झाइम्सना अडवतं. मग २००१ मध्ये जपानमध्ये ओसुमींच्या टीमने उलगडा केला: व्हीपीएस-३४ एकच, पण जोडीदार दोन. एटीजी-१४ सोबत असेल तर ऑटोफॅजी, व्हीपीएस-३८ असेल तर प्रोटीन्सची पोचवणी.

इथेच खरी गोची आहे. या रसायनाला हा फरक कळत नाही. ते दोन्ही कामं अडवतं. शिवाय त्याच कुटुंबातलं, ऑटोफॅजीला लगाम घालणारं दुसरं एन्झाइमही अडवतं. भरल्या पोटीच्या पेशींना ते बराच वेळ दिलं तर ऑटोफॅजी उलट वाढते, असं २०१० मध्ये दिसलं! म्हणजे "३-मिथिलॲडेनिन टाकलं, परिणाम गेला, सबब कारण ऑटोफॅजीच" असं म्हणणारे जुने निष्कर्ष पुन्हा तपासून घ्यायला हवेत. "चालतंय ना" म्हणून पुढे गेल्याची ही किंमत.

असो. सोमवारी ती ओळ उघडून बघणार आहे.