जलरोधक हेडफोन

जलरोधक हेडफोन म्हणजे घाम, पाऊस किंवा पाण्यात बुडणे यांपैकी काही सहन करू शकेल असे श्रवणसाधन होय. ‘जलरोधक’ हा शब्द मात्र सापेक्ष आहे. उपकरण किती व कशा प्रकारचे पाणी सहन करते, हे त्याच्या आयपी संकेतांकावरून कळते. घामाने न बिघडणारा प्रत्येक हेडफोन पोहण्यास योग्य असतोच असे नाही.

संकेतांकाची रचना

हा संकेतांक आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या आयईसी ६०५२९ या मानकात निश्चित केलेला आहे. भारतीय मानक ब्यूरोने तो आयएस/आयईसी ६०५२९ या नावाने स्वीकारला आहे. ‘आयपी’ या अक्षरांपुढील पहिला अंक धूळ व घन वस्तूंपासूनचे, तर दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवतो. एखादा अंक नमूद केलेला नसल्यास त्याच्या जागी ‘एक्स’ येतो, उदा. आयपीएक्स७.

पाण्यासंबंधीच्या प्रमुख पातळ्या

* ४ : सर्व दिशांनी उडणारे शिंतोडे. घाम व हलका पाऊस यांसाठी पुरेशी.
* ५ : ६.३ मि.मी. तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर वेगाने येणारी पाण्याची धार.
* ६ : १२.५ मि.मी. तोटीतून मिनिटाला १०० लिटर वेगाने येणारी जोरदार धार.
* ७ : सुमारे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवून ठेवणे.
* ८ : सातव्या पातळीहून कठोर परिस्थितीत सतत बुडवून ठेवणे. खोली व कालावधी उत्पादकाने नमूद करावयाचा असतो.

सहाव्या पातळीपर्यंत वरच्या पातळीत खालच्या पातळ्या अंतर्भूत मानल्या जातात. सातवी व आठवी पातळी त्याला अपवाद आहेत. बुडण्याची चाचणी उत्तीर्ण झालेले उपकरण धारेचा मारा सहन करीलच असे नाही; दोन्ही चाचण्या झाल्या असल्यास आयपीएक्स५/आयपीएक्स७ असा दुहेरी संकेतांक देतात.

मानांकनाच्या मर्यादा

बुडण्याची चाचणी नव्या उपकरणावर, गोड्या व स्थिर पाण्यात घेतली जाते. पोहणाऱ्याचे हात-पाय पाणी घुसळतात आणि सूर मारताना दाब क्षणार्धात वाढतो. तलावातील क्लोरीन, समुद्रातील मीठ, साबण यांचा दीर्घकालीन परिणाम या चाचणीत मोजला जात नाही. वापराने रबरी सांधे झिजतात, त्यामुळे संरक्षण कालांतराने घटते. हेडफोनचे मानांकन त्याच्या चार्जिंग डबीलाही लागू होते असे गृहीत धरता येत नाही.

ब्लूटूथची अडचण

ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरी पाण्यात वेगाने शोषल्या जातात. त्यामुळे काठावरील मोबाइलशी असलेली जोडणी डोके पाण्याखाली जाताच तुटते. यासाठी पोहण्याच्या हेडफोनमध्ये गाणी साठवण्याची अंतर्गत स्मृती असते. काही प्रकार अस्थिवहनावर चालतात. त्यांत कंपने कवटीच्या हाडांतून थेट अंतःकर्णापर्यंत पोहोचतात.

निवडीचे निकष

पोहण्यासाठी सामान्यतः आयपीएक्स८ मानांकन, लेखी नमूद केलेली खोली व कालावधी, अंतर्गत स्मृती आणि पोहण्यास योग्य असल्याचा उत्पादकाचा स्पष्ट उल्लेख या चार गोष्टी पाहिल्या जातात. पाण्याने झालेली हानी हमीत समाविष्ट आहे का, हेही तपासावे लागते. मानांकन असूनही अनेक उत्पादक ती वगळतात. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करूनच चार्जिंग करतात.

सुरक्षितता

कान बंद करणाऱ्या हेडफोनमुळे जीवरक्षकाची हाक किंवा शिट्टी ऐकू न येण्याचा धोका असतो. नाशिकच्या स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलावासारख्या बंदिस्त जागेपेक्षा नदीत हा धोका अधिक असतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीतील रामकुंड परिसरात पाणी चढते. अशा वेळी काठावरून दिलेला इशारा ऐकू येणे महत्त्वाचे ठरते. आयपी मानांकन उपकरणाच्या सुरक्षिततेविषयी सांगते, पोहणाऱ्याच्या नव्हे.