थ्री-नॉट-थ्रीची जन्मपत्रिका

आपल्या मंडळींपैकी ज्यांनी कॉलेजात एन.सी.सी. केली, त्यांच्या खांद्यावर थ्री-नॉट-थ्री रायफल एकदा तरी आली असेल. नोएडा-गाझियाबादकरांनी तर ती पोलिसांच्या हातात अगदी अलीकडेपर्यंत पाहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलनात समारंभपूर्वक निरोप दिला. पण ही रायफल नेमकी कधीची, असे विचारले की उत्तर ठरलेले : "इंग्रजांच्या काळातली!" कोणी तर थेट १८५७ पर्यंत जातो.

आधी १८५७ चे पाहू. काश्मिरी गेटच्या जीपीओजवळ ज्या जुन्या दारूगोळा कोठाराच्या कमानी उभ्या आहेत, ते कोठार ११ मे १८५७ रोजी उडाले. त्या काळची एन्फील्ड १८५३ च्या नमुन्याची. तोंडाकडून दारू ठासून भरायची. थ्री-नॉट-थ्रीचा आपल्या परिचयाचा आखूड नमुना १९०३ मध्ये आला आणि १९०७ मध्ये त्याची सुधारित, सर्वांत गाजलेली आवृत्ती निघाली. दोघींच्या नावात एन्फील्ड असल्यामुळे हा घोटाळा होतो.

खरी जन्मपत्रिका रायफलीच्या अंगावरच कोरलेली असते. लाकडी बट जिथे लोखंडात बसते, तिथल्या कड्याची उजवी बाजू पाहावी. वर मुकुट आणि त्याखाली राजाची अक्षरे. 'ई.आर.' म्हणजे सातवा एडवर्ड, अर्थात १९०१ ते १९१०. 'जी.आर.' म्हणजे त्यानंतरचे जॉर्ज. त्याखाली कारखान्याचे नाव, साल आणि नमुना. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात (स्थापना १९०४) बनलेल्या १९४० च्या दशकातल्या रायफलींवर 'जी.आर.आय.' दिसते. हा शेवटचा 'आय' म्हणजे इम्पेरेटर, हिंदुस्थानचा सम्राट! ही पदवी सहाव्या जॉर्जने जून १९४८ मध्ये सोडली. पुढे मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

इथेच नवशिके फसतात. कड्यावरचे साल त्या कड्याचे, म्हणजे रायफलीच्या मूळ सांगाड्याचे. सगळ्या रायफलीचे नव्हे. बॅरल झिजते, ते बदलतात, आणि त्यावर त्याचे स्वतःचे साल असते. बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक सांगाड्याच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर बोल्ट दुसऱ्या घरून आलेला समजावा. 'एफ.टी.आर.' ही अक्षरे असतील तर रायफल कारखान्यात जाऊन पूर्ण दुरुस्त होऊन आलेली. बाणाच्या खुणेखाली 'आय' असेल तर ती हिंदुस्थानी लष्कराची मालमत्ता. आणि आपण कवायतीला उचलली तिच्यावर बहुधा 'डी.पी.' होते : फक्त कवायतीसाठी, गोळी झाडायला नव्हे. म्हणून १९१७ च्या सांगाड्यावर १९४३ चे बॅरल दिसले तर दचकू नये.

हे बारकावे निव्वळ हौसेचे नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अत्याधुनिक शस्त्रांपुढे आपले पोलीस थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. नमुना शतकापूर्वीचा, हे खरेच आणि लाजिरवाणेही. पण नमुन्याचे वय आणि हातातल्या बंदुकीचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट खुणा वाचल्याशिवाय कळत नाही. चौकशी करणाऱ्याने आधी कडे पाहावे, मग बॅरल.

शिवाय कित्येकदा 'इंग्रजांची' म्हणून दाखवलेली रायफल मुळी इंग्रजांची नसतेच. कड्यावर '७.६२' आणि '२ए१' असेल, खालचे मॅगझिन चौकोनी पेटीसारखे असेल, तर ती ईशापूरच्या आपल्याच कारागिरांनी चीनच्या युद्धानंतर, १९६० च्या दशकात घडवलेली. तिच्या नेमाच्या पट्टीवरचे आकडे २००० ऐवजी ८०० वरच थांबतात, ही आणखी एक खूण.

काडतुसांची पत्रिका तर आपल्या घरची. गावाकडच्या फडताळात एखादे रिकामे पितळी काडतूस पडले असेल तर त्याचे बूड पुसून पाहा. 'के' आणि 'एफ' दिसले तर ते पुण्याजवळच्या खडकीचे, १८६९ पासून चालत आलेल्या कारखान्याचे. 'ओ.एफ.व्ही.' असेल तर जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचे, म्हणजे १९६४ नंतरचे. शेजारचे दोन आकडे म्हणजे साल.